उलटा रविवार

बाळादा, तुला कोट घातलाय.

विचुंब्याकडे वळताना नाक्यावर जो फ्लेक्स लागलाय ना, त्यावर. उभ्या जन्मात तू कोट अंगाला लावला नाहीस. लेकीच्या लग्नातसुद्धा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात मांडव मोजायची टेप. पण फ्लेक्सवाल्याने तुझं डोकं कुठल्याशा निळ्या कोटावर बसवलंय आणि मान जरा तिरकी बसलीय, त्यामुळे मेल्यावरही तू कुणावर तरी संशय घेतोयस असं वाटतं. तुझ्या खाली कबड्डी, क्रिकेट, बॅडमिंटन, योग अशा चारही क्लबांचे अध्यक्ष हात जोडून उभे आहेत. त्यांचे चेहरे तुझ्या चेहऱ्यापेक्षा मोठे आहेत. फ्लेक्सचा सांगाडा तुझ्याच मंडपाच्या गोडाऊनमधून आलाय, असं तुझ्या भावाने सांगितलं. सांगताना त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं.

मला खरं तर रडायला यायला हवं होतं. मला किळस आली. तू गेल्यापासून मला फक्त तीच येतेय, आणि दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही म्हणून तुला सांगतेय.

तुझी शोकसभा आमच्या बॅडमिंटन हॉलमध्ये झाली. कारण हॉलला एसी आहे. गावच्या मैदानात, जिथे तू रोज संध्याकाळी पोरींना कबड्डी शिकवायचास, तिथे कुणाला घाम काढायचा नव्हता. पहिले उभे राहिले रमाकांतशेठ, कळंबोलीच्या लोखंड बाजारातले, क्रिकेटवाल्यांचे अध्यक्ष. म्हणाले, "बाळाराम मुळात क्रिकेटप्रेमी." तू! क्रिकेट म्हणजे उन्हात उभं राहायची शिक्षा, असं म्हणणारा तू. मग योगवर्गाच्या बाई म्हणाल्या की तुझं श्वासावर नियंत्रण होतं. तुझ्या घोरण्याबद्दल वहिनी काय सांगायच्या ते मला ठाऊक असल्यामुळे मी खाली बघत राहिले. आमचे सबनीस, बॅडमिंटन क्लबचे खजिनदार, त्यांनी तर कडी केली. तुझ्या बॅकहँडचं कौतुक केलं. अरे, तू रॅकेट धरायचास ती माशा मारायला धरल्यासारखी.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. मेलेल्याबद्दल लोक खोटं बोलतातच, आणि ते वाईट नसतं. पण भाषणं संपली आणि चहाबरोबर खरी सभा सुरू झाली. तुझ्या नावाने काहीतरी करायचं ठरलं. बॅनरवर पहिलं नाव कुठल्या क्लबचं यावरून जुंपली. कुणी म्हणालं, स्थापनेच्या क्रमाने. कुणी म्हणालं, आद्याक्षराने. तुझ्या स्वतःच्या कबड्डी मंडळाचे लोकही मागे नव्हते हां, "आमचा मानूस होता, आमचा नाव वर पायजे," म्हणून तेही हमरीतुमरीवर आले. चहावर साय धरली. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं ते असं: बाळाराम स्मृतिचषक. प्रत्येक क्लबाने आपापल्या खेळाची स्पर्धा घ्यायची, उन्हाळाभर, दर रविवारी सकाळी.

मी विचारलं, "रविवारच कशाला?"

सबनीस म्हणाले, "मॅडम, तो बाळारामजींचा वार ना! औचित्य नको का?"

म्हणजे तुझ्या आठवणीसाठी तुझाच रविवार बंद केला यांनी. आणि एकालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. टाळ्या पडल्या.

तुझा रविवार काय होता, हे त्यातल्या निम्म्या लोकांना आता आठवतही नसेल. मला आठवतो. देवळामागच्या मैदानावरून तुमच्या कबड्डीवाल्यांचं आणि रमाकांतशेठच्या क्रिकेटवाल्यांचं भांडण पेटलं होतं, स्टंप उपटून मारामारीपर्यंत गेलं होतं. मी आमच्या क्लबची सेक्रेटरी म्हणून मध्यस्थीला आले. बँकेत आयुष्य गेलेलं, डोंबिवलीहून नव्या पनवेलला येऊन फार दिवस झाले नव्हते. तू पुढे होऊन म्हणालास, "मॅडम, तू बस." मॅडम आणि तू! मला तेव्हा असा राग आला होता! पुढे कळलं की तू कलेक्टरलासुद्धा तूच म्हणतोस. मग मीही तुला तू म्हणायला लागले आणि आपलं जमलं.

दोन्हीकडची पोरं एकमेकांना शिव्या घालत होती आणि तू मध्येच मोठ्याने म्हणालास, "आस्सं करा. तुमी कबड्डी खेळा, आमी किरकेट खेळतो. पाहू द्या लोकांना, कोन कवरा येडा हाय."

पोरं आधी चिडली, मग खेळली. आणि किती वाईट खेळली, बाळादा! क्रिकेटवाला तो उंच पोरगा चढाईला गेला आणि 'कबड्डी' म्हणता म्हणता स्वतःच हसत सुटला. तुमच्या पोरांनी बॅट परजली ती कोयत्यासारखी. कुंपणाशी बायका उभ्या होत्या, कामावरून घरी जाणाऱ्या. त्यांच्यात फरीदाआपा होती, पनवेलच्या मोहल्ल्यातली, कुणाकडे तरी स्वयंपाकाला यायची. तिला साखर होती आणि डॉक्टरने चालायला सांगितलं होतं, ते ती कधी चालली नव्हती. ती पोट धरून हसत म्हणाली, "या अल्ला, हे तर आमच्यापेक्षा गये-गुजरे आहेत!" आणि हातातली पिशवी कुंपणाला अडकवून आत आली.

त्या क्षणी तू माझ्याकडे पाहिलंस. जे मला कळलं नव्हतं ते तुला कळलं होतं. चांगलं खेळणारे आत असले की बाकीचे बाहेर उभे राहून बघतात. आतले धडपडायला लागले की बाहेरच्यांना आत यावंसं वाटतं.

तिथून तुझा नियम. रविवारी सकाळी कुणी आपला खेळ खेळायचा नाही. एका रविवारी आमचा हॉल, एका रविवारी मैदानात तुमची कबड्डी, कधी तिथेच क्रिकेट, कधी योगवर्गाची गच्ची. ज्यांचा खेळ असेल त्यांनी शिकवायचं, बाकी तीन क्लबांनी आणि गावातल्या कुणीही यायचं, जसं येईल तसं खेळायचं. लोक त्याला उलटा रविवार म्हणायला लागले. सोसायटीतल्या गुडघे धरून चालणाऱ्या काकू आल्या. बांधकामाच्या साईटवरच्या कातकरी बायका आल्या. मी तुला म्हटलं होतं, या बायका आठवडाभर विटा उचलतात, त्यांना व्यायाम कशाला? तू माझ्याकडे कीव केल्यासारखा बघून म्हणालास, "त्यांना व्यायाम नको हाय गो. त्यांना खेल पायजे." यावर आपण पुढे वर्षानुवर्षं भांडलो. मी म्हणायचे, लोकांना आरोग्याचं पटवून दे, रक्तदाब, साखर, सगळं समजावून सांग. तू म्हणायचास, डॉक्टरच्या भीतीने आलेला माणूस गोळी चालू झाली की येत नाही. खेळायला आलेला पुढच्या रविवारी बोलावल्याशिवाय येतो. फरीदाआपा येत राहिली, हे खरं. तरी माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, तू जिंकलास असं समजू नकोस.

दुसरं भांडण कागदाचं. मी म्हणायचे, चार क्लबांचा एक संघ करू, नोंदणी करू, नियम लिहून ठेवू. उद्या तू नसलास तर? तू हसायचास. "कागद केला की अध्यक्ष लागतो. अध्यक्ष आला की खुर्ची लागते. खुर्च्या माज्याच हायेत, मना म्हाईत हाय त्यांवर बसल्यावर मानसाचा काय होतो." मंडप डेकोरेशनवाल्याशी खुर्च्यांवरून वाद घालणं कठीण होतं.

मग आता घे. तू नाहीस आणि माझं खरं ठरलं. खरं ठरल्याचा एवढा वीट मला कधी आला नव्हता. तुला वाटलं, एकमेकांचा खेळ खेळून माणसं एकमेकांची होतात. झाली, रविवारी सकाळपुरती. सोमवारी पुन्हा आपापल्या क्लबची. तू मध्ये उभा होतास म्हणून ती एकत्र होती आणि तुला ते दिसत नव्हतं, कारण तू स्वतःला दिसत नव्हतास.

एक गोष्ट तुला मी कधी सांगितली नाही. मला कबड्डीच्या मैदानात पहिल्यांदा उतरवलंस तो रविवार. आमच्या यांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मुलगा परदेशात. मी नको नको म्हणत होते, तू म्हणालास, "हात धर आनि उभी रहा, बास." एका बाजूला फरीदाआपाने माझा हात धरला, दुसऱ्या बाजूला त्या साईटवरच्या लक्ष्मीने. तिचा तळहात सिमेंटने खरखरीत झालेला. चढाईला सोसायटीतल्या जोशीकाकू आल्या आणि आम्ही सगळ्याजणी त्यांच्यावर पडलो. धूळ, घाम, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत. मी त्या ढिगाऱ्याच्या तळाशी होते आणि मला हसू आवरत नव्हतं. घरी येऊन मी आंघोळीच्या आधी बाथरूमच्या फरशीवर बसून रडले. कित्येक वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता, बाळादा. डॉक्टरने नाडी बघितली असेल, तेवढंच. हे बायकांना कळतं, कुणी कुणाला सांगत नाही. तुला सांगायला हवं होतं. तू काहीतरी वेडंवाकडं बोलून टाळलं असतंस, पण सांगायला हवं होतं.

सबनीस कधी कबड्डीला उतरले नाहीत. दर वेळी कंबर. एकदा मला खाजगीत म्हणाले होते, "मॅडम, बाकी ठीक आहे, पण ते अंगाला अंग लागणं, कुठकुठले लोक असतात, घाम असतो…" मी तेव्हा फक्त ऐकून घेतलं. तुझ्या चषकाचे संयोजक तेच आहेत.

चषकाचं उद्घाटन झालं ते तुझ्या तेराव्याचा मांडव उतरला त्याच आठवड्यात. मला नाणेफेकीचा मान. मी गेले, कारण मला बघायचं होतं माणूस किती खाली जाऊ शकतो. देवळामागच्या त्याच मैदानावर क्रिकेटचा सामना. स्पीकर, कॉमेंट्री, रंगीत टोप्या. प्रवेशाशी दोरी बांधलेली. आणि दोरीच्या बाहेर फरीदाआपा, जोशीकाकू, लक्ष्मी आणि तिच्या सोबतिणी, दर रविवारसारख्या. पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की रविवार बदललाय.

सबनीसांनी गळ्यातलं ओळखपत्र सरळ करत त्यांना समजावलं, "आत फक्त खेळाडूंना. तुम्ही त्या बाजूला प्रेक्षकांत बसा. नाश्ता आहे."

फरीदाआपा म्हणाली, "बाळाभाईच्या नावाचा खेळ हाय ना? मग आम्ही बघत कायको बसायचं?"

"ताई, आज स्पर्धा आहे. लेव्हल असते एक."

लेव्हल! शिसारी म्हणतात ती ही. तोंडात केस आल्यासारखं होतं. मी नाणं हातात घेऊन दोन्ही कप्तानांना म्हटलं, नाणेफेक करते, पण जो जिंकेल त्याने कबड्डी निवडायची आणि त्या बायकांना आत घ्यायचं. ते हसले. रमाकांतशेठही हसले, माइकवरून म्हणाले, "मॅडमचा विनोद!" सबनीस कानाशी येऊन म्हणाले, "भावना समजतात, पण जरा प्रॅक्टिकल व्हा." मी नाणं त्यांच्याच हातात ठेवलं आणि दोरीच्या बाहेर जाऊन उभी राहिले. मला वाटलं, इतकंच माझ्या हातात आहे.

आणि मग त्यांनी वहिनींना व्यासपीठावर आणलं.

इथे मला तुझ्याशी भांडायचंय, बाळादा. आतापर्यंत त्यांच्यावर थुंकले, आता तुझी पाळी. अख्ख्या पंचक्रोशीतल्या बायकांना तू मैदानात आणलंस. मला आणलंस, मोहल्ल्यातून फरीदाआपाला आणलंस, साईटवरून लक्ष्मीला आणलंस. तुझ्या घरातून मैदान दिसतं. वहिनी एकदाही आल्या नाहीत. मी एकदा विचारलं होतं, तू म्हणालास, "तिला नाय आवडत असला काय. आनि घरचा कोन बघंल?" आणि विषय बदललास. मीही पुढे विचारलं नाही, कारण रविवारी खेळ संपल्यावर पोहे तुझ्याच घरून यायचे, शंभर माणसांना पुरतील इतके, आणि ते फार चांगले असायचे.

वहिनींच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटो काढले. रमाकांतशेठनी माइक पुढे केला, "वहिनी, साहेबांच्या आठवणीत दोन शब्द." वहिनी बोलतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. बायका अशा वेळी पदर तोंडाला लावतात आणि माइक परत घेता येतो.

वहिनींनी माइककडे पाहिलं. मग दोरीबाहेर उभ्या असलेल्या आमच्याकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, "मना बी खेलाचा व्हता."

स्पीकर चांगले होते, शब्द पार रस्त्यापर्यंत गेले.

"यांनी कदी बोलावला नाय. मी खिडकीतशी बघाची. पोहं परतता परतता बघाची."

एवढंच. बाळादा, मी तुझ्याबद्दल पुष्कळ ऐकलंय, चांगलं आणि खोटं. एवढं खरं कुणी बोललं नाही. मला तुझा इतका राग आला, आणि त्याच वेळी वाटलं की तू असतास तर तू तिथल्या तिथे कान पकडले असतेस, सगळ्यांसमोर, लाजला नसतास. हेच तर माझं दुखणं आहे. चुकलास तरी तू एकटाच असा होतास की ज्याला सांगून उपयोग झाला असता.

रमाकांतशेठनी माइक घाईघाईने घेतला आणि वहिनी भावनावश झाल्याचं जाहीर केलं. गाणं लागलं. सामना सुरू झाला. वहिनींनी नारळ आणि शाल खुर्चीवर ठेवली, पायऱ्या उतरल्या आणि दोरीखालून वाकून आमच्याकडे आल्या.

देवळाच्या दुसऱ्या अंगाला, जिथे मंडपाचे टेम्पो उभे होते, तिथे थोडी मोकळी जागा होती. आम्ही तिकडे गेलो. लक्ष्मीने पायाच्या अंगठ्याने मातीत चौकोन आखला. लंगडी. जोशीकाकू जरा चाचरल्या, तेराव्याला आठवडाही झाला नाही, लोक काय म्हणतील असं काहीतरी पुटपुटल्या. वहिनींनी तोवर पदर कमरेला खोचला होता. राज्य त्यांनी स्वतःच मागून घेतलं. पहिल्यांदा दोन उड्यांत तोल गेला. मग नाही गेला. अंगठ्यात काटा गेला तो उपटून टाकला. फरीदाआपाला बाद केलं, लक्ष्मीच्या मागे लागल्या, बायका किंचाळायला लागल्या. तिकडे कुणीतरी चौकार मारला असावा, पण आमच्या ओरडण्यात कॉमेंट्री ऐकू येईना.

आणि बघ, बॅनरवर कुणाचं नाव वर, यावर ज्या चार क्लबांचं आजवर जमलं नव्हतं, त्यांचं एका मिनिटात जमलं. चौघांच्या वतीने सबनीस आले. पांढऱ्या बुटांना माती लागू नये म्हणून चौकोनाच्या बाहेर थांबले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "ताई, जरा हळू. पलीकडे बाळारामजींचा कार्यक्रम चालू आहे."

वहिनी एका पायावरच थांबल्या. केस सुटले होते, धाप लागली होती, पांढऱ्या साडीचा काठ धुळीने लाल झाला होता.

"त्यांना जाऊन सांग," त्या म्हणाल्या, "बालारामाची बायको खेलतंय."

सबनीस गेले. वहिनींनी पाय खाली टेकवला नव्हता. त्या तशाच वळल्या आणि माझ्या मागे लागल्या.